एक ताट, पाच हात

"सिस्टर, पोरगं तिकडं पाच जणांच्या एका ताटात जेवलं. काही होणार तर नाही ना त्याला?"

रविवारची वंदना आटोपल्यावर विहाराच्या पायरीवर एका मावशींनी आम्हाला गाठून हे विचारले. त्यांचा मुलगा दुबईत एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला आहे. बरोबर काम करणाऱ्या इथिओपियाच्या मुलांनी सुट्टीच्या दिवशी त्याला आपल्या देशाच्या हॉटेलात जेवायला नेले आणि त्याने आईला फोटो पाठवला. फोटोत परातीएवढे एक ताट, त्यावर पसरलेले भले मोठे घावन, घावनावर लाल-पिवळ्या-हिरव्या कालवणांचे ढीग आणि चारी बाजूंनी आत आलेले हात. चमचा नाही, वाटी नाही, कुणाची वेगळी ताटली नाही. त्यात एक जण मधूनमधून खोकत होता, असेही मुलाने बोलता बोलता सांगून टाकले. मावशींची झोप उडाली ती त्या खोकल्याने.

आपल्या वस्त्यांतली बरीच मुले-मुली आता आखाती देशांत कामाला जातात, काही शिकायला लंडन-अमेरिकेला जातात. इथिओपियाची माणसे या सगळ्या ठिकाणी आहेत आणि त्यांची हॉटेलेही आहेत. तेव्हा मावशींचा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. शिवाय त्या एका ताटाच्या निमित्ताने आपल्या स्वतःच्या घरातल्या ताटाबद्दलही आम्हाला थोडे बोलायचे आहे.

आधी हे लोक कोण ते पाहू. आमच्या शाळेत बारीक पोराला "इथिओपिया" म्हणून चिडवत. कारण टीव्हीवर आणि पेपरात त्या देशाची एकच ओळख होती, १९८४-८५ चा दुष्काळ. त्याच्या दहा-अकरा वर्षे आधीही तिथल्या वोल्लो प्रांतात असाच दुष्काळ पडला होता. साल १९७३. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या-आया रोजगार हमीवर खडी फोडत होत्या, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढत होत्या, तोच हा काळ. अमर्त्य सेन यांनी वोल्लोचा अभ्यास करून दाखवून दिले की त्या साली देशात धान्य फारसे कमी पिकले नव्हते. वोल्लोच्या माणसाकडे ते विकत घ्यायला पैसा नव्हता. माणसे उपाशी असताना काही धान्य त्या प्रांतातून बाहेर जात होते. पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, तिथला सम्राट हाइले सेलासी पदच्युत झाला, लष्कराची सत्ता आली, कत्तली झाल्या आणि हजारो लोक देश सोडून गेले. त्यातले पुष्कळ अमेरिकेत, वॉशिंग्टन शहरात स्थिरावले. नव्या देशात भाषा येत नाही, पदवी चालत नाही, पण हाताला स्वयंपाक येतो. त्या जोरावर तिथल्या बायका-पुरुषांनी हॉटेले काढली. लॉस एंजेलिस शहरात तर फेअरफॅक्स ॲव्हेन्यू या रस्त्याच्या एका भागाला २००२ मध्ये अधिकृतपणे "लिटल इथिओपिया" हे नाव मिळाले. ज्यांना जग रिकाम्या ताटामुळे ओळखत होते त्यांच्या हॉटेलात आज लोक जेवायला जातात.

आणि एक. आपण ज्याला "हबशी" म्हणतो तो शब्द याच लोकांचा. ते स्वतःला "हबेशा" म्हणवतात. काळ्या रंगावरून टोमणा मारायला हा शब्द वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, त्यानेच वसवले आणि तिथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली.

ताटात असते काय?

ताटात पसरलेल्या त्या घावनाला "इंजेरा" म्हणतात. ते "टेफ" नावाच्या धान्याचे करतात. टेफचा दाणा खसखशीसारखा बारीक असतो. पीठ पाण्यात कालवून त्यात आधीच्या आंबवणाचे थोडे पाणी विरजणासारखे घालतात आणि दोन-तीन दिवस आंबू देतात. मग मोठ्या गोल तव्यावर कडेपासून मध्याकडे गोल गोल धार सोडत ओततात आणि झाकण ठेवतात. उलटायचे नाही. एकाच बाजूने शिजते आणि वरच्या बाजूला हजार डोळे पडतात, आपल्या आंबोळीला पडतात तसे. चव आंबट. पहिल्यांदा खाणाऱ्याला "बिघडलंय की काय" असे वाटते. बिघडलेले नसते. आंबीलीची सवय असलेल्या घराला ते दुसऱ्या घासाला आवडते.

या आंबवण्याचा शरीराला मोठा फायदा आहे. धान्यात आणि डाळीत फायटेट नावाचा घटक असतो. तो लोहाला धरून ठेवतो आणि रक्तात जाऊ देत नाही. पीठ आंबले की हा घटक कमी होतो आणि लोह अंगी लागायला मदत होते. ज्या वस्तीत दर दुसऱ्या-तिसऱ्या बाईचे हिमोग्लोबिन कमी निघते, त्या वस्तीने ही गोष्ट जरूर ऐकावी. पण म्हणून टेफ मागवायला धावू नका. परदेशी दुकानांत टेफची "सुपरफूड" म्हणून जाहिरात होते आणि त्यात फार लोह असते असे सांगतात. त्यातले काही लोह दाण्याचे नसून खळ्यावरच्या मातीचे असते, कारण जमिनीवर बैलांच्या पायाखाली मळणी होते आणि दाणा इतका बारीक की माती पुरती निघत नाही. कॅल्शियम पाहाल तर १०० ग्रॅम टेफमध्ये १८० मिलिग्रॅमच्या आसपास असते. आपल्या नाचणीत जवळपास त्याच्या दुप्पट. गंमत अशी की नाचणी मुळात तिकडचीच, इथिओपिया-युगांडाच्या डोंगरांतली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. ज्वारीही आफ्रिकेचीच, आणि आपण ज्याची चटणी करतो ते कारळेही इथिओपियातले. तिकडे कारळ्याचे तेल स्वयंपाकाला वापरतात. तिथल्या गरीब घरांत टेफ परवडत नाही तेव्हा ज्वारीचा, मक्याचा इंजेरा होतो. मग आपल्या घरी नाचणीची नाहीतर ज्वारीची आंबोळी झाली तर टेफवाचून काही अडत नाही.

परदेशातल्या हॉटेलांत टेफ महाग पडतो, म्हणून इंजेऱ्यात गहू, जव, तांदळाचे पीठ मिसळलेले असू शकते. ज्यांना गहू चालत नाही, सिलियाकचा आजार आहे, त्यांनी "नुसत्या टेफचा आहे का?" असे विचारूनच खावे. मधुमेह असलेल्यांनी ध्यानात घ्यावे की अख्खा इंजेरा म्हणजे एक पोळी नव्हे. ताटाखाली एक पसरलेला असतो, बाजूला गुंडाळ्या ठेवलेल्या असतात, त्या संपल्या की आणखी येतात. तो मऊ आणि हलका लागतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. आपल्या वाट्याच्या गुंडाळ्या सुरुवातीलाच मोजून घ्याव्यात.

आता कालवणे. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत दर बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस उपास असतो. उपासाला मांस, अंडी, दूध, तूप काही चालत नाही. त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकात डाळी आणि भाज्यांचे पदार्थ भरपूर आहेत. हॉटेलात "बेयाइनेतू" मागितले की एका इंजेऱ्यावर सगळे थोडे थोडे वाढून येते. तिखट मसुराचे "मिसिर वॉट", हळद घातलेले सौम्य वाटाणा डाळीचे "किक अलिचा", हिरव्या पाल्याची भाजी "गोमेन", कोबी-बटाटा-गाजर. आणि "शिरो". नावावरून आपल्याला गोड शिरा आठवेल, पण हे आहे चक्क पिठले. हरभऱ्याचे किंवा वाटाण्याचे मसालेदार पीठ कांदा-लसणावर शिजवलेले. मावशींच्या मुलाने फोनवर सांगितलेच होते, "आई, पिठलं होतं, फक्त लालभडक होतं." आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, बटाटा आणि दाण्याचे तेल. त्यांच्याकडे उपास म्हणजे डाळ आणि पाला. आरोग्याच्या हिशेबाने कुठला बरा, हे वेगळे सांगायला नको.

कमी पैशांत पोटभर आणि चांगले खायचे तर आम्ही बेयाइनेतूच सुचवू. डाळीतली प्रथिने, पाल्यातले लोह आणि फोलेट, आंबवलेले धान्य, सगळे एका ताटात. बरोबर टोमॅटोची कोशिंबीर येते, तिच्यावर लिंबू पिळून घ्यावे. लिंबातले क जीवनसत्त्व डाळी-पाल्यातले लोह शोषायला मदत करते. "वॉट" म्हणजे लाल, तिखट. त्यात "बर्बेरे" मसाला असतो, मिरची, लसूण, आले, मेथी असे बरेच काही घालून केलेला. "अलिचा" म्हणजे पिवळे, सौम्य. ज्यांना पित्ताचा, अल्सरचा त्रास आहे, ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे, त्यांनी अलिचा हा शब्द पाठ करावा. मांसाहार करणाऱ्यांसाठी "डोरो वॉट" आहे. कांदा आधी बिनतेलाचा बराच वेळ परतून, मग मसाल्याचे तूप घालून मंद आचेवर शिजवलेली कोंबडी आणि त्यात उकडलेली अंडी. चांगला शिजलेला पदार्थ आहे, फक्त तूप भरपूर असते.

कच्चे मांस नको

एका बाबतीत मात्र आम्ही ठाम आहोत. "किटफो" नावाचा पदार्थ मागवू नये, आणि मागवलाच तर पूर्ण शिजवून मागावा. हे कच्चे गोमांस असते, बारीक चिरून, गरम तूप आणि तिखट घालून दिलेले. सणासुदीचा, मानाचा पदार्थ आहे आणि दोस्त आग्रहाने खायला लावतात. काही ठिकाणी कच्च्या मांसाचे तुकडेही वाढतात. गोमांस खावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. कच्चे खाऊ नये हे आम्ही नर्स म्हणून सांगतो. अशा मांसातून पट्टकृमी पोटात जातो, तो आतड्यात काही मीटर लांब वाढू शकतो आणि महिनोन्‌महिने कळतही नाही. इथिओपियाच्या लोकांना हे जुने माहीत आहे. "कोसो" नावाच्या झाडाच्या फुलांचे औषध ते पिढ्यान्‌पिढ्या जंत पाडण्यासाठी घेत आले. म्हणजे ज्यांच्या ताटात कच्चे मांस होते त्यांच्या घरात जंताचे औषधही होते. आपण दोन्हींपासून लांब राहावे. गरोदर बाईने तर कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसाला हातच लावू नये. त्यातून होणारा टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकतो, गर्भपातही होऊ शकतो.

वेटर "लेब लेब" म्हणाला तर त्याचा अर्थ नुसते गरम केलेले, आतून कच्चेच. ते चालणार नाही. लाली पूर्ण गेली पाहिजे आणि वाफ निघाली पाहिजे.

मग एका ताटाचे काय?

आता मावशींचा मूळ प्रश्न. एका ताटात पाच जण जेवले तर काय पसरते आणि काय पसरत नाही?

टीबी ताटातून पसरत नाही. हे वाक्य आम्ही आरोग्य शिबिरांत शंभर वेळा बोललो असू, तरी पुन्हा लिहितो. फुप्फुसाचा टीबी झालेला आणि औषध सुरू नसलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा जंतू हवेत जातात आणि ती हवा आपण श्वासात घेतो. रोग असा लागतो. ताट, ग्लास, चमचा, उष्टा घास यांतून नाही. जनावराचा टीबी न तापवलेल्या दुधातून येऊ शकतो, पण ती वेगळी गोष्ट. तेव्हा त्या मुलाच्या खोकल्याने धोका असेलच तर तो एका ताटाचा नव्हता, कोंदट खोलीचा होता. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्याने थुंकीची तपासणी करावी, आणि रोज एकाच खोलीत झोपणाऱ्यांनी खिडकी उघडी ठेवावी. मुलाला आम्ही हाच निरोप पाठवला.

एचआयव्ही एका ताटात जेवून होत नाही. हिपॅटायटिस बी जेवणातून होत नाही. कुष्ठरोग बरोबर बसून जेवल्याने होत नाही, आणि औषध सुरू झालेल्या रुग्णाकडून तर होतच नाही.

हे इतक्या जोराने सांगण्याचे कारण आपल्या घरात आहे. जगातले सुमारे चौथा हिस्सा टीबी रुग्ण भारतात आहेत आणि त्यातले पुष्कळ आपल्यासारख्या वस्त्यांत, एका खोलीच्या घरांत आहेत. रुग्ण सापडला की घरात पहिली गोष्ट काय होते? त्याचे ताट-ग्लास वेगळे. सुनेला टीबी निघाला तर तिचे ताट मोरीत वेगळ्या कोपऱ्यात. खिडकी मात्र बंदच, थंडी वाजते म्हणून. आणि गोळ्या दोन महिन्यांत बरे वाटू लागले की बंद. म्हणजे ज्याने रोग पसरतो ते तसेच राहते आणि ज्याने पसरत नाही त्याचीच शिक्षा त्या पोरीला. वेगळे ताट म्हणजे काय असते ते आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. रोज गोळी घेणारा साध्या टीबीचा रुग्ण बहुधा काही आठवड्यांतच दुसऱ्याला रोग देण्याच्या अवस्थेत राहत नाही. त्याला हवे असते वेळेवर औषध, पूर्ण सहा महिने, आणि डाळ-अंडी घातलेले भरलेले ताट. ते ताट सगळ्यांच्या पंगतीतच असू द्या.

मग एका ताटातून काहीच पसरत नाही का? पसरते. पण ते उष्ट्याने कमी आणि घाणेरड्या हाताने जास्त. टायफॉइड, कावीळ (अ प्रकारची), हगवण, कॉलरा, जंतांची अंडी. संडासहून आलेला हात साबणाने धुतला नाही आणि तोच ताटात गेला की हे सगळे पाच जणांत वाटले जाते. सर्दी, फ्लू, कोविडही जवळ जवळ बसल्याने लागतात. ओठांवर जर उठलेली असेल तर ती लाळेतून लागते.

इथिओपियाच्या रीतीत याचा विचार आहे. जेवणाआधी यजमान तांब्या आणि पसरट भांडे घेऊन प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतो. हॉटेलात बेसिन जेवणाच्या जागेजवळच असते आणि लोक उठून हात धुऊन येतात. पण नुसते पाणी पुरेसे नाही. साबण मागून घ्यावा, नखांत आणि बोटांच्या बेचक्यांत फिरवावा, निदान वीस सेकंद. आणि धुतलेला हात पँटला पुसू नये. सगळी मेहनत वाया जाते. फक्त उजव्या हाताने, आपल्या समोरच्या भागातूनच घ्यायचे, हीही तिथली रीत आहे. दुसऱ्याच्या बाजूला हात घालणे असभ्य मानतात. ही रीत पाळली तर प्रत्येकाचा हात ताटात आपल्याच भागात राहतो.

"गुर्शा" मात्र वेगळी. इंजेऱ्याच्या तुकड्यात कालवण गुंडाळून आपल्या हाताने दुसऱ्याच्या तोंडात घालायचे. माया जितकी जास्त तितका घास मोठा. नाही म्हटले तर माणूस दुखावतो. हात धुतलेले असतील तर खुशाल खावे. ताप असेल, जुलाब-उलटी झाली असेल, हाताला पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी कुणाला भरवू नये, आणि असे असल्यास खरे म्हणजे वेगळी ताटली मागून घ्यावी. हॉटेलवाले देतात, राग मानत नाहीत. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, किडनी बदललेल्यांनीही वेगळीच घ्यावी. हे वेगळे ताट त्या माणसाच्या रक्षणासाठी असते. ते त्यानेच मागायचे, दुसऱ्याने त्याच्यापुढे सरकवायचे नाही.

पण या एका ताटाचे आम्ही डोळे झाकून गुणगान करणार नाही. इथिओपियातही ज्यांच्याबरोबर जेवत नाहीत अशी माणसे आहेत. काफा भागातल्या मांजो लोकांना शेजारचे लोक पिढ्यान्‌पिढ्या घरात घेत नसत आणि पंगतीला बसवत नसत. कारण काय, तर ते "नको ते" मांस खातात, अस्वच्छ आहेत. अनेक भागांत मडकी घडवणारे, कातडे कमावणारे, लोखंड काम करणारे असेच बाहेर ठेवले गेले. इंजेऱ्याचा मातीचा तवा आणि कॉफीचा मातीचा चंबू ज्या बायकांच्या हातचा, त्यांच्याच हातचे जेवायला नको. वाचणाऱ्याला यात अनोळखी काही वाटणार नाही. अस्वच्छतेचे कारण तिथेही पुढे केले जाते, आणि आरोग्यशास्त्रात त्याला तिथेही आधार नाही.

कॉफी, आणि त्याआधी दारूबद्दल दोन शब्द. "तेज" म्हणजे मधाची दारू. गोड असते, म्हणून सरबतासारखी पोटात जाते आणि उशिरा चढते. पाचवे शील घेतलेल्यांना आम्ही वेगळे काय सांगणार. टीबीची औषधे घेणाऱ्यांनी तर एक घोटही घेऊ नये. त्या गोळ्यांचा भार यकृतावर आधीच असतो.

कॉफी मुळात इथिओपियाची. तिथे पाहुण्यांसमोर हिरव्या बिया भाजतात, धूर सगळ्यांना हुंगवतात, कुटतात, "जेबेना" नावाच्या मातीच्या चंबूत उकळतात आणि बिनकानाच्या छोट्या कपांत ओततात. तीन फेऱ्या असतात, प्रत्येक आधीपेक्षा पातळ. बरोबर बऱ्याचदा लाह्या येतात. सगळे मिळून तास-दीड तास सहज जातो, आणि गप्पा तिथेच होतात. दम्याच्या माणसाने धुरापासून थोडे लांब बसावे. गरोदर बाईने एका छोट्या कपावर थांबावे. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवण आणि कॉफी यांत निदान एक तास जाऊ द्यावा, नाहीतर आंबवलेल्या इंजेऱ्याने आणि लिंबाने जे लोह मिळवून दिले ते कॉफी अडवून धरते. आपल्या चहाचेही तेच. जेवणावर लगेच चहा पिणाऱ्या मैत्रिणींनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

उरलेले बांधून घ्यायचे असेल तर ताटातले घेऊ नका. त्यात पाच हात फिरलेले असतात आणि उबेत तासभर पडलेले असते. ताटाखालचा रसात भिजलेला इंजेरा सगळ्यात चवदार असतो, तो तिथेच संपवावा. बाजूच्या हात न लागलेल्या गुंडाळ्या मात्र घरी न्याव्यात. दुसऱ्या दिवशी त्याचे तुकडे कांदा-मसाल्यात परतून "फिरफिर" करतात, आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो तसा.